किमान तीन गोष्टी लिहा

"तो रोज सकाळी येऊन तुझं दार वाजवेल," आई म्हणाली होती. "तसं मी त्याच्याकडून वदवून घेतलंय. पण तो विसराळू आहे, आणि आता तर फार शिकलाय. म्हणून तुला वेगळं सांगते. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी तू जायचंस. रागवायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही. नुसतं जायचं."

ताईने "हो" म्हटलं. त्याला एकवीस वर्षं झाली आणि जायची वेळ एकदाही आली नाही, यावरून धाकट्याचा वक्तशीरपणा लक्षात यावा.

मुळात आपण कोण, हा प्रश्न माणसाला आपणहून पडत नाही. भूक लागते, झोप येते, दाढ दुखते. हे सगळं कोणी न शिकवता होतं. पण आपण कोण हे विचारावं, असं सुचायला मध्ये कोणीतरी जाणकार लागतो. समाज त्याची सोय करतो. विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीशेजारी, त्यासाठी एक विभाग असतो. त्या विभागात ताईचा धाकटा भाऊ तेहतीस वर्षं प्राध्यापक होता. राष्ट्रवाद, वांशिकता आणि अस्मिता हे त्याचे तीन विषय. (घरी त्याला अजूनही धाकट्या म्हणतात. वय एकसष्ट.)

ताईला भावाचा अभिमान होता. ती स्वतः प्रसूतिगृहात परिचारिका होती आणि चौतीस वर्षं तिने नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या पायाला नंबराच्या चिठ्ठ्या बांधल्या. म्हणजे तसं पाहिलं तर दोघांचं क्षेत्र एकच. फरक इतकाच, की ताईने बांधलेली चिठ्ठी बाळ घरी जाताना कापून टाकत.

धाकट्याची कारकीर्द एका तळ्याकाठी सुरू झाली. त्या दूरच्या तळ्याकाठी सातशे माणसं राहत, आणि त्यांना स्वतःसाठी नावच नव्हतं. धाकट्याने विचारलं, "तुम्ही कोण?" ते म्हणाले, "आम्ही." "आणि पलीकडच्या काठावरचे?" "तेही आम्हीच. पण पलीकडे." इतका मागासलेपणा त्याने आजवर पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता. तो तिथे चार वर्षं राहिला. परतला तेव्हा त्या माणसांकडे एक नाव होतं, एक मूळपुरुष होता, आणि पलीकडच्या काठाविरुद्ध सतरा कलमी तक्रार होती. प्रबंधाला सुवर्णपदक मिळालं. तळ्याकाठचे लोक अजूनही दरवर्षी स्वतंत्र काठाच्या मागणीचं निवेदन धाडतात आणि त्याची एक प्रत, आदरपूर्वक, प्राध्यापकांना.

मग ग्रंथ आले. 'आम्ही : एक अभ्यास' (पानं चारशे बारा). 'ते : एक अभ्यास' (पानं नव्वद, साहित्य कमी मिळालं). 'आम्ही आणि ते : नव्याने विचार.' आणि एका टीकाकाराला उत्तर म्हणून, 'ते म्हणजे आम्हीच होतो काय?' शेवटच्या ग्रंथात उत्तर दिलेलं नाही, पण सूची फार चांगली आहे.

मात्र त्याची खरी देणगी म्हणजे अस्मितांक. ताप मोजायला जसा थर्मामीटर, तसा माणसातला आपलेपणा मोजायला अस्मितांक. शून्य ते शंभर. शून्य म्हणजे माणूस स्वतःला नुसता माणूस समजतो (असं उदाहरण अद्याप नोंदलं गेलेलं नाही). शंभर म्हणजे माणूस स्वतःला माणूस सोडून बाकी सगळं समजतो. फुटबॉलच्या मैदानातला एका बाजूचा प्रेक्षकवर्ग, अठ्ठ्याऐंशी. माजी विद्यार्थ्यांचं संमेलन, चौऱ्याहत्तर. दातांच्या दवाखान्यातली रांग, अकरा. आणि तेही आत दुसऱ्याच कोणाला आधी सोडलं म्हणून.

दोघं भावंडं एकाच इमारतीत राहत. अठ्ठेचाळीस घरं, पाच मजले. इमारतीला दोन जिने आहेत, कारण तिच्या दोन्ही अंगांना रस्ते आहेत आणि बांधणाऱ्याला कोणालाच दुखवायचं नव्हतं. धाकट्याचं घर एका जिन्यावर तिसऱ्या मजल्यावर, ताईचं दुसऱ्या जिन्यावर तिसऱ्याच मजल्यावर, आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या जिथे भेटतात तिथे एक लाकडी दार. ते तीस वर्षांत कधी लावलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर मुलं लोंबकळत आणि बायका ओले टॉवेल टाकत.

धाकट्याच्या उंबऱ्यापासून ताईच्या उंबऱ्यापर्यंत सात पावलं. रोज साडेसातला थाप पडे. ताई आतून म्हणे, "आहे रे." तो म्हणे, "बरं." झालं. कधी तो आत येई, चहा घेई, बहुतेकदा येत नसे. परिषदेला परगावी गेला तर त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, येऊन त्याच्या वतीने थाप मारून जाई आणि ताई ती धरून घेत असे. तो तिचा नेम होता. उठल्यावर दात घासावेत, देवाचं नाव घ्यावं, आणि साडेसातला "आहे रे" म्हणावं. दिवसभरात यापलीकडे आपण असल्याचा पुरावा तिला लागत नसे.

निवृत्तीला आठ महिने राहिले असताना विभागप्रमुखांनी धाकट्याला बोलावून सांगितलं की आजीव मानद प्राध्यापक हे पद त्याला द्यावं असं सगळ्यांनाच वाटतं, फक्त एक ताजा अभ्यास हवा. प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेला. पण डॉक्टरांनी त्याला गुडघ्यामुळे तळी, डोंगर आणि बेटं बंद केली होती. तेव्हा त्याने एक धाडसी निर्णय घेतला. तो ज्यांच्यात राहतो त्यांच्यातच जाणार होता.

अस्मितांक काढायच्या प्रश्नांचा पहिला अर्ज घेऊन तो ताईकडे आला. त्या दिवशी तो आत येऊन बसला, पेनचं टोपण काढलं आणि निराळ्याच आवाजात म्हणाला, "ताई, तू स्वतःला कोण समजतेस?"

"का रे?" ताई घाबरली. "माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही गं. पहिला प्रश्न आहे."

"मग ताई लिही."

"ते मी म्हणतो म्हणून. तू कोण समजतेस?"

ताईने प्रामाणिकपणे विचार केला. "सकाळची वेळ आहे रे," ती शेवटी म्हणाली. "अजून काही समजायला लागले नाही."

बाकीची घरंही याच पातळीवर निघाली. आलेल्या उत्तरांपैकी निवडक अशी : 'चौथ्या मजल्यावरची.' 'दाढदुखीवाला.' 'हिला विचारा.' 'आत्ता? आत्ता मी घाईत आहे.' 'आपण कोण? नाही, आत या ना, पण आपण कोण?' एका आजोबांनी अर्जावर उलट प्रश्न लिहिला होता : 'कोणाला हवंय?' इमारतीचा एकूण अस्मितांक भरला तीन.

तीन! दातांच्या रांगेपेक्षा आठने कमी. विभागप्रमुख म्हणाले, "सर, एवढा लहान आकडा छापत नाहीत. वाचकाला वाटतं मोजायला चुकले." आणि ते बरोबरच होतं. एखाद्या रोग्याला काहीच झालेलं नसेल, तर त्यात वैद्याची बदनामी असते.

अशा वेळी सामान्य अभ्यासक खचला असता. धाकट्याने अर्ज सुधारला. लोकांना उत्तर सुचत नाही याचा दोष लोकांना न देता त्याने तो प्रश्नाकडे घेतला आणि दोन नवे प्रश्न घातले. मानवी इतिहासात छपाईनंतर एवढी साधी आणि परिणामकारक सुधारणा झाली नसेल. ते प्रश्न पुढीलप्रमाणे :

प्रश्न चौदा. आपण पुढच्या जिन्याचे आहात की मागच्या? (एकावर खूण करा.)

प्रश्न पंधरा. दुसऱ्या जिन्याच्या लोकांची कोणती गोष्ट आपल्याला खटकते? (किमान तीन लिहा.)

पुढचा कोणता आणि मागचा कोणता, हे तोवर कोणी ठरवलेलं नव्हतं. धाकट्याने स्वतःचा जिना पुढचा धरला. त्यामागे कसलाही पूर्वग्रह नव्हता. नकाशा काढताना त्याने कागद तसा धरला होता, एवढंच.

ताईने पंधरावा प्रश्न कोरा ठेवला.

"ताई, तीन लागतातच. नाहीतर अर्ज बाद होतो."

"अरे, पण खटकत नाही तर काय लिहू?"

"काही तरी असतंच. आठव."

तो इतका काकुळतीला आलेला बघून ताईला त्याचा लहानपणीचा निबंध आठवला. तेव्हाही दहा ओळी भरत नव्हत्या आणि शेवटच्या चार तिनेच सांगितल्या होत्या. तिने लिहिलं : एक, तिकडे माझा भाऊ राहतो, तो गार वाऱ्यात कान उघडे टाकून फिरतो. दोन, त्याला सर्दी होते. तीन, सांगितलेलं ऐकत नाही. (विश्लेषणात ही उत्तरं 'इतर' या रकान्यात गेली.)

बाकीच्यांचंही पहिल्या दिवशी असंच अडलं. पण किमान तीन म्हटल्यावर माणसं जिद्दीला पेटतात. ज्यांना दोनच सुचल्या, त्यांनी शेजाऱ्याकडून एक मागून आणली. ज्यांना चार सुचल्या, त्यांनी चौथी परत केली नाही. तिसऱ्या दिवशी लोक पुरवण्या मागू लागले. पाचव्या मजल्यावरची शिक्षिका, जी तीस वर्षांत कोणाबद्दल वावगा शब्द बोलली नव्हती, तिने बावीस गोष्टी लिहिल्या आणि शेवटी आभार मानले. "सर, किती हलकं वाटतंय," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं की मला एवढं खटकतंय."

निष्कर्ष आले. इमारतीच्या सेक्रेटरींनी, ज्ञान सर्वांपर्यंत पोचावं या सद्‌हेतूने, ते काचेच्या फळ्यात लावले. पुढच्यांच्या मते मागचे लोक जिन्यात मोठ्याने बोलतात (बासष्ट टक्के), पायपुसणं गॅलरीतून झटकतात (चोपन्न), भेटलं की उगाच हसतात (एकतीस). मागच्यांच्या मते पुढचे लोक जिन्यात बोलतच नाहीत (त्रेसष्ट टक्के), पायपुसणं झटकतच नाहीत (एक्कावन्न), भेटलं तरी हसत नाहीत (तेहतीस).

फळ्यापुढे लोक दोन रांगा करून वाचत होते. कोणी सांगितल्या नव्हत्या, झाल्या. अस्मितांक एकेचाळीसवर गेला.

यापुढे जे घडलं त्याचं श्रेय एकट्या धाकट्याला देणं हा लोकांवर अन्याय होईल. लोकांनी फार मेहनत घेतली. सगळ्यात आधी मागच्यांनी मागचे म्हणवून घ्यायला नकार दिला. त्यांनी बांधकामाची कागदपत्रं शोधून आपला जिना एकोणीस दिवस आधी पुरा झाल्याचं सिद्ध केलं आणि त्याचं नाव आद्य जिना ठेवलं. पुढच्यांनी पहिला दिवा आपल्याकडे लागल्याचं दाखवून दिलं. दोन्हीकडे इतिहास समित्या झाल्या. इमारतीचं वय तीस वर्षं; आद्य जिन्याचा इतिहास चार खंडांत आहे, आणि पहिल्या खंडात अजून पाया खणणं चाललं आहे.

परंपराही सापडल्या. आद्य लोक पूर्वापार कठडा उजव्या हाताने धरून चढत आले आहेत, तर पुढचे डाव्या हाताने, असं लक्षात आलं. (कठडे त्या त्या बाजूला बसवलेले आहेत. पण ते तसे का बसवले, हा प्रश्न विचारण्याची कुवत लागते.) जिन्यात डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात भाजीची पिशवी असलेल्या माणसाने काय करावं, यावर आद्य समितीची अडीच तास बैठक झाली. छत्री घरी ठेवावी असं ठरलं. पावसात पाच जणांना ताप आला, आणि आद्य जिन्याला त्याचे पहिले हुतात्मे मिळाले. ते पाचही जण आता बरे आहेत, पण हे जाहीरपणे बोलत नाहीत.

झेंडे तळमजल्यावरच्या शिंप्याने शिवले. त्याच्या दुकानाला दोन्ही रस्त्यांकडून दार आहे. पडद्यांचं उरलेलं निळं कापड एकाच ताग्यातलं; त्याने पुढच्यांना सुलट शिवून दिलं, आद्यांना उलट. दोन्ही बाजूंचे लोक भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "हाच तो रंग."

राखणदार एकच होता आणि त्याची वाटणी करता येईना, म्हणून तो सकाळी आद्य राखणदार आणि संध्याकाळी पुढचा राखणदार झाला. दुपारी दोन वाजता ड्यूटी बदलताना तो एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलापाशी जाई, स्वतःकडून जिना बदलायचा तोच पंधरा प्रश्नांचा अर्ज भरून घेई, स्वतःला जरा वेळ ताटकळत ठेवी आणि मग आत सोडी. "ओळखीचा असला म्हणून काय झालं," तो ताईला म्हणाला. "मागच्या आठवड्यात मीच मला एकदा परत पाठवलं. तिसरी गोष्ट पटण्यासारखी लिहिली नव्हती."

या धामधुमीत दुसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोला मूल झालं. ती पुढच्या जिन्यावरून आद्य जिन्यावर लग्न करून आलेली. चार महिन्यांपूर्वी याला कोणी काही म्हणत नव्हतं. आता त्याला मिश्र विवाह म्हणतात आणि अहवालात त्याचा आलेख आहे. बाळ घरी आलं त्या दिवशी दोन्ही समित्या दारात उभ्या. शेवटी तज्ज्ञ म्हणून ताईला बोलावलं.

"ताई, तुमचं आयुष्य यात गेलं. तुम्हीच सांगा, हे बाळ कोणत्या जिन्याचं?"

ताईने बाळाला दोन्ही हातांत घेतलं, मान सावरली, लंगोट ओला आहे का ते पाहिलं. होता.

"अहो, ते अजून पालथंसुद्धा पडत नाही," ती म्हणाली. "जिना चढायला लागलं की बघा. आणि चिठ्ठी बांधेपर्यंत सगळी बाळं सारखीच रडतात हो. बांधल्यावर पण तशीच रडतात. आपल्याला फक्त कळतं कोणाला हाक मारायची ते."

समित्यांनी 'अनिर्णीत' असं नोंदवलं. ताई घरी आली आणि तिला प्रथमच वाटलं की धाकट्याशी एकदा बसून बोलावं. पण तो त्या दिवसांत फार आनंदात होता. अस्मितांक अठ्ठ्याहत्तर झाला होता आणि रोज चढत होता. परदेशातून पत्रं येत होती. साडेसातला थाप मारून तो "ताई, शहाऐंशी!" म्हणायचा, आणि ताई आतून "आहे रे" म्हणायची, आणि दोघांनाही आपापली बातमी पोचल्याचं समाधान मिळायचं.

मग संयुक्त सभा झाली. दोन्ही जिन्यांची ही पहिली आणि शेवटची एकत्र सभा. विषयपत्रिकेवर एकच विषय : तिसऱ्या मजल्यावरचं मधलं दार. ते बंद करून कुलूप लावावं, असा ठराव दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मांडला, दोन्ही बाजूंनी त्याला अनुमोदन दिलं, आणि तो एकमताने संमत झाला. तीस वर्षांत इमारतीत एकमताने झालेला हा एकमेव ठराव. (पाण्याच्या टाकीचा अजून पडून आहे.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे इतके महिने एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी कुलूप आणायला जाताना एकमेकांना हात दिला. कोपऱ्यात बसून टिपणं घेणाऱ्या धाकट्याचे डोळे भरून आले.

त्याने ताईला फोन केला. "ताई, आज इतिहास घडला."

"कुठे रे?"

"आपल्या मधल्या दारात."

"हो, मी ऐकला," ताई म्हणाली. "हातोडीचा आवाज आला. टॉवेल काढू दिले का रे त्यांनी? माझे दोन होते."

दुसऱ्या दिवशी साडेसातला धाकटा घरातून निघाला, तीन पावलं चालला आणि त्याचं कपाळ दारावर आपटलं. अलीकडे कित्येक वर्षांत त्याचा वास्तवाशी इतका थेट संबंध आला नव्हता. पण तो पद्धतशास्त्रातला माणूस. जिथे सगळ्यांपर्यंत पोचता येत नाही, तिथे नमुना घेतात. त्याने मधल्या दारावरच थाप मारली. ताई आपल्या बाजूने येऊन उभीच होती.

"आहे रे," ती फळ्यांच्या फटीतून म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "ही प्रातिनिधिक थाप आहे. चालेल ना?"

"चालेल. लागलं का फार?"

मागून वहिनीचा आवाज आला, "आईंनी ताईंच्या दारावर सांगितलं होतं. कुठल्याही लाकडावर नाही."

"तू मध्ये बोलू नकोस, मी व्याख्या करतोय."

"करा. कपाळाला बर्फ लावून करा."

अकरा दिवस प्रातिनिधिक थाप चालली. ताईने ती नेमात धरली. मनातून थोडी खळखळ केली, पण धरली. अकराव्या दिवशी, शनिवारी, थाप झाल्यावर आद्य समितीने हरकत घेतली की सीमेवर रोज ठरावीक वेळी आवाज होतो. आणि त्याच दुपारी विभागप्रमुखांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की अहवाल तपासणाऱ्यांपैकी एकाने शंका काढली आहे : अभ्यासकाची सख्खी बहीण अभ्यासविषयात राहते असं कळतं, मग निष्कर्ष निर्मळ कसे मानायचे? मानद पदाचा समारंभ उद्या, रविवारी आहे. तोपर्यंत तरी संबंध नसलेले बरे.

रविवारी पहाटे उठून ताईने आंघोळ केली, देवाचं नाव घेतलं आणि आपल्या बाजूने मधल्या दाराशी जाऊन उभी राहिली. पायाखाली कागद लागला. दाराच्या फटीतून आत सरकवलेला, टाइप केलेला.

'प्रिय ताईस, स. न. वि. वि. वस्तुनिष्ठतेच्या कारणास्तव थाप तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. गैरसमज नसावा. नव्या व्यवस्थेबाबत यथावकाश कळवण्यात येईल. तुझा, धाकटा. प्रत माहितीसाठी : विभागप्रमुख.' खाली पेनने, घाईत, एक ओळ होती : 'कपाळ बरं आहे.'

सोबत समारंभात वाचायच्या भाषणाचा सारांश जोडला होता. साडेसात व्हायला अवकाश होता, म्हणून ताईने चष्मा लावून तो वाचला. तिला भावाचं लिखाण कळत नसे, पण हे कळलं. त्यात म्हटलं होतं : 'इमारतीचं हे सगळं वर्णन, ज्यांनी ती कधीही पाहिलेली नाही अशा दोनशे वाचकांना वाचायला दिलं. त्यांचा या जिन्यांशी दूरान्वयानेही संबंध नव्हता. तरीही निम्मं वाचून होईपर्यंत एकशे सत्त्याऐंशी जणांनी मनातल्या मनात आपला जिना निवडला होता. उरलेले तेरा जण म्हणाले, हा सगळा पोरखेळ आहे, आम्ही यातले नाही, आणि लोक असे कसे वागतात याचं आम्हाला हसू येतं. या तेरा जणांचा अस्मितांक सर्वांत जास्त, म्हणजे नव्व्याण्णव भरला. एकशे सत्त्याऐंशी जणांत काय खटकतं हे विचारल्यावर या तेरा जणांनी पुरवण्या मागितल्या. त्यांच्यासाठी तिसरा जिना बांधावा, अशी शिफारस करण्यात येत आहे.' (हे वाचताना जे आत्ता गालातल्या गालात हसले, त्यांची नोंदणी आपोआप झाली आहे. त्यांनी सरळ पंधराव्या प्रश्नापासून सुरुवात करावी.)

साडेसात वाजले. ताई उभी होती. पलीकडे पावलं वाजली, दाराजवळ येऊन थांबली. कोणीतरी श्वास घेतला. मग पावलं परत गेली.

सात पस्तीस. सात चाळीस. ताईने आठपर्यंत वाट पाहिली, कारण घड्याळं मागेपुढे असतात. आठ वाजता ती आत गेली, चहा केला, थर्मासमध्ये भरला. दोन कप फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. कपाटातून कानटोपी काढली, लोकरीची, तिनेच विणलेली, तीही पिशवीत टाकली. मग दाराशी स्टुलावर बसून तिने भिंतीवरच्या पेटीतून अर्ज घेतला. नव्या नियमाप्रमाणे जिना बदलायचा तर तो आपल्या मजल्यावरच भरून न्यावा लागतो. कोरा अर्ज दिसला, तर खाली राखणदार स्वतःच्या बायकोलासुद्धा सोडत नाही.

आपण स्वतःला कोण समजता? तिने लिहिलं, ताई.

आपण पुढच्या जिन्याचे की मागच्या? तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, उतरताना मागचा, चढताना पुढचा.

पंधराव्या प्रश्नाशी पेन थांबलं. दुसऱ्या जिन्याच्या लोकांची कोणती गोष्ट खटकते. तिने लिहिलं : एक, आज थाप पडली नाही. पुढे का म्हणून ते लिहावंसं वाटत होतं. पण का म्हणून विचारायचं नाही, असं ठरलेलं होतं. रागवायचं नाही, असंही ठरलेलं होतं. किमान तीन तर हव्यात. तिने सुबक अक्षरात, प्रसूतिगृहातल्या नोंदवहीत लिहायची तसं लिहिलं : दोन, वरीलप्रमाणे. तीन, वरीलप्रमाणे.

सात पावलांच्या ऐवजी आता सत्तावन्न पायऱ्या खाली, मधला चौक, आणि सत्तावन्न पायऱ्या वर. ताईचं वय अडुसष्ट. दोन्ही जिन्यांच्या गॅलऱ्यांत लोक येऊन उभे राहिले होते. रविवार असल्यामुळे सगळेच घरी होते. ही आपली की त्यांची, याबद्दल वर हळू आवाजात चर्चा सुरू झाली, आणि चर्चेचा निकाल लागेपर्यंत खाली जाऊन तिची पिशवी धरणं कोणालाच नियमात बसेना.

ताईने दार ओढून घेतलं. कडी लावली, पण कुलूप लावलं नाही. अर्ज पिशवीत घातला, चष्मा पुसला, आणि ज्या हातात पिशवी नव्हती त्या हाताने कठडा धरून पहिली पायरी उतरली.